काट्यावरचा माणूस

मका निघाला की गावच्या कोठाराबाहेर ट्रकांची रांग लागायची आणि वजनकाट्याच्या खोलीत वर्ना बसायची. तिचा नवरा ओर्विल मका ओतून आला की रिकामा ट्रक जोखून पुढे लावायचा आणि काट्यावर परत येऊन गप्पा छाटत उभा राहायचा. "ओर्विल, उतर तिथून, लोक खोळंबलेत," असं ती ओरडली की जाळीचं दार ढकलून आत यायचा, तिचं अर्धं सँडविच खायला.

या उन्हाळ्यात तो मक्याच्या उंच पत्र्याच्या कणगीत उतरला आणि दाण्यांखाली गुदमरून गेला. आता त्याचा ट्रक शेजारचा क्लेटन चालवत होता.

"काकू, नीट जोखा हं. सकाळी डोनट जरा जास्तच झालेत."

"भरल्या ट्रकबरोबर तुझे डोनटही जोखलेत. चल, पुढे हो."

क्लेटन गेला. काटा मोकळा झाला, पण आकडा शून्यावर येईना. एकशे ऐंशी पौंडांवर थांबला. एका माणसाचं वजन.

वर्नाने खिडकीतून वाकून पाहिलं. लोखंडी पाटावर ऊन होतं आणि सांडलेले चार दाणे. मागच्या ट्रकने हॉर्न दिला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "ओर्विल, उतर तिथून, लोक खोळंबलेत."

आकडा शून्यावर आला.

वर्नाने तोंडावर हात दाबला. कशाला हाकललं मी त्याला?

तिच्या पाठीमागे जाळीच्या दाराची स्प्रिंग सावकाश ताणली गेली.