भूगोलाचे बासष्ट

खिडकीतून गुणपत्रिका हातात आली तेव्हा मिस्त्रीने आधी खालची ओळ पाहिली. वरची श्रेणी. त्याने ती दोनदा वाचली आणि मुलीकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या सूचनाफलकाकडे तोंड करून उभी होती.

"आली गं," तो म्हणाला. "आईला हवी होती तीच."

"हो," ती म्हणाली.

आई गेल्यापासून तीन महिने ती एवढंच बोलत होती. हो किंवा नाही. ताट वाढताना, कपडे वाळत घालताना, हो किंवा नाही. निकाल लागला की फरक पडेल, असं मिस्त्रीने मनाशी धरलं होतं.

मागे रांग होती. तो बाजूला सरला, सवयीने कानावरची पेन्सिल काढली आणि खिडकीच्या लाकडी फळीवर सहा विषयांचे आकडे एकाखाली एक लिहिले. फळी त्यानेच बसवली होती, दोन वर्षांपूर्वी. दुसऱ्याने सांगितलेल्या मापावर त्याने आजवर लाकूड कापलं नव्हतं. बेरीज पाचशे सोळा आली. कागदावर चारशे चोपन्न होते. त्याने पुन्हा केली. पुन्हा पाचशे सोळा. फरक बासष्टचा.

बासष्ट भूगोलाला होते.

तो रांगेत तिरका घुसला. "साहेब, चूक झालीय. भूगोल मिळवायचा राहिलाय."

हेडक्लार्क ओळखीचा होता. त्याने चष्मा कपाळावर चढवला. "राहिला नाही, मिस्त्री. भूगोल धरलेलाच नाही."

"का? पेपर दिलाय तिने. पुरते तीन तास बसली होती."

"बसली असेल हो. सहातले चांगले पाच धरतात. सगळ्यात कमीचा सोडून देतात. पाचशेपैकी चारशे चोपन्न, म्हणजे नव्वदच्या वर. म्हणून वरची श्रेणी."

"पण त्या पेपराला ती बसली होती."

"अहो, तो धरला तर शहाऐंशी टक्के होतील. हातची श्रेणी जाईल. लोक इथे गुण वाढवून मागायला येतात. कमी करून मागणारे तुम्ही पहिलेच!"

"ते बासष्ट इकडे द्या," रांगेतला एक बाप म्हणाला. "आमच्या दिवट्याला लागतील." रांग हसली.

मिस्त्रीची पेन्सिल फळीवरच्या बासष्टभोवती फिरत होती. एकदा, दोनदा, पुन्हा.

"आणि तिने भूगोल दिलाच नसता तर?"

"कारण लिहून अर्ज दिला असता, तर हेच. चारशे चोपन्न. बाकीचे पाच तर देऊन झाले होते. भूगोल शेवटचा." हेडक्लार्कने पुढचा कागद ओढला. "या वर्षीचाच नियम आहे. वर्गात सांगितलं होतं सगळ्यांना. पोरीला विचारा."

मिस्त्री वळला.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

आता तिने फलकाकडची नजर काढली. "बोलले होते. वॉर्डच्या दारात. म्हटलं, बाबा, एक विषय सोडला तरी चालतो, मला आईजवळ थांबू द्या. तुम्ही म्हणालात, बहाणे करू नकोस. डॉक्टर काहीही सांगतात. पेपर देऊन ये, आई काय पळून जातेय का?"

रांगेतलं हसणं थांबलं. हेडक्लार्कने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि समोरच्या गठ्ठ्यात काहीतरी शोधू लागला.

मिस्त्रीला सगळं आठवलं. तिचं दप्तर त्यानेच तिच्या खांद्यावर अडकवलं होतं. जिन्यापर्यंत सोडायलाही गेला होता, मध्येच परत फिरू नये म्हणून. पेपर दोनला सुटणार होता. साडेबाराला सगळं संपलं. त्याआधी तिच्या आईने दोनदा विचारलं होतं, आली का? हे त्याने मुलीला अजून सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही.

"मग छापलाय कशाला?" तो हेडक्लार्कला म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "धरायचा नाही तर कागदावर ठेवता कशाला?"

"छापावा लागतो, मिस्त्री. दिलेला पेपर काढून टाकता येत नाही." हेडक्लार्कने वही पुढे केली. "इथे सही करा. पालकांची."

त्याने सही केली. मुलीने गुणपत्रिका त्याच्या हातातून काढून घेतली, आपल्या वहीत घातली आणि पायऱ्या उतरून गेली. थांबली नाही.

मिस्त्रीने अंगठ्याला थुंकी लावली आणि फळीवरची बेरीज पुसायला घेतली. बाकीचे आकडे लगेच गेले. बासष्टभोवती मात्र पेन्सिल दाबून फिरली होती. ते लाकडात उतरलं होतं.

"राहू द्या हो," हेडक्लार्क म्हणाला. "रंधा मारला की जाईल."

तो घासत राहिला. मागची रांग थांबून राहिली.