हात लावू नये

क्लबच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये फ्रेमवाल्याने खोक्याचं झाकण उचललं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. झाड धडधाकट होतं, कुंडीला साधा तडाही गेला नव्हता. पण पानांवर बोटं उमटली होती.

सक्युलंटचं, म्हणजे जाड रसाळ पानांच्या झाडांचं, हे वेड ज्याला नाही, त्याला यात हाय खाण्यासारखं काही वाटायचं नाही. पानांची चक्री, आणि पानांवर पांढरी भुकटी, द्राक्षावर असते तशी. सगळी शोभा त्या भुकटीची. एकदा बोट लागलं की ती पुसली जाते, आणि ते पान गळून पडेपर्यंत डाग तसाच राहतो. म्हणून तर हॉलमध्ये प्रत्येक कुंडीपुढे पाटी: हात लावू नये. फ्रेमवाल्याच्या घरी पाटीची गरज नव्हती, तो स्वतःच होता. पाहुणा नुसता वाकला तरी हा ओरडायचा. बायकोने झाडाचं नावच सवत ठेवलं होतं. ‘‘तिला जपता त्याच्या निम्मं मला जपलं असतंत तर!’’ म्हणायची. पण बोट कधी लावलं नाही बिचारीने.

त्याने खिशातून चिमटा काढला. एखादं पान डागाळलेलं असलं तर अलगद काढून टाकायचं. क्लबात सगळेच तसं करतात, त्यात चोरी नाही. पण इथे कुठलं काढणार? मधला इवलासा कोंब सोडला तर खालपासून वरपर्यंत एकही पान सुटलं नव्हतं. कोणीतरी सावकाश, मायेने सगळं झाड चाचपलं होतं.

कोणीतरी कसलं! बायको शेजारीच उभी होती, त्याच्या कोपराला धरून. गेल्या वर्षी तिची नजर गेली तेव्हापासून घरात एकच कायदा होता: वस्तू हलवायची तर तिला सांगून हलवायची. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिची स्वतःची कुंडी असे, अशाच चक्रीची पण साधी, बिनभुकटीची. सकाळी उठल्या उठल्या ती आधी तिथे जाई आणि पानांवरून हात फिरवी. काल रात्री खोकं ठोकायला टेबल रिकामं हवं होतं म्हणून यानेच तिची कुंडी खाली ठेवली आणि टेबलावरच्या सवतीला खिडकीत बसवलं. सांगायचं राहून गेलं. पहाटे वीज नव्हती, घाईघाईत त्याने अंधारातच कुंडीला धरून झाड खोक्यात घातलं. टॅक्सीत ती म्हणालीसुद्धा, ‘‘अहो, माझ्या झाडाने आज भलतंच बाळसं धरलंय. पानं कशी लोण्यासारखी लागली हाताला.’’ याने नुसतं ‘हं’ केलं. डोक्यात फक्त कप होता. किती वर्षं दुसरा नंबर घेऊन मुकाट्याने घरी जायचं माणसाने!

‘‘कशी दिसतेय सवत?’’ तिने विचारलं.

‘‘झकास,’’ तो म्हणाला.

क्लबचे चिटणीस फिरत फिरत आले, झाड पाहून जागीच थबकले आणि त्याला बाजूला घेऊन कुजबुजले, ‘‘अजून वेळ आहे. उचला. चारचौघांत शोभा कशाला?’’

त्याने बायकोकडे पाहिलं. उचललं तर का उचललं ते सांगावं लागेल. त्याने मान हलवली. ‘‘राहू दे.’’

परीक्षक बाई आल्या. क्लबची रीत अशी, की परीक्षण चालू असताना झाडाच्या मालकाने अवाक्षर काढायचं नाही. बाईंनी चष्मा सारखा केला, कुंडी फिरवली.

‘‘आकार सुंदर आहे. रंगही. अरेरे! पण हे काय? सगळ्या पानांवर बोटं. कोणी हो हात लावला?’’

कोपरावरची पकड एकदम घट्ट झाली.

‘‘मी,’’ फ्रेमवाला म्हणाला.

आजूबाजूच्या टेबलांवरून माना वळल्या. झाडावर श्वाससुद्धा पडू न देणारा माणूस! बाईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं. जाडजूड बोटं, नखांत लाकडाचं पॉलिश. मग पानांवरच्या चिमुकल्या ठशांकडे पाहिलं. मग त्याच्या कोपरावरच्या हाताकडे.

‘‘बरं,’’ त्या म्हणाल्या. गुण मांडले आणि पुढे गेल्या. थोड्या वेळाने कप जिंकलेल्या औषधवाल्याच्या टेबलापाशी टाळ्या वाजल्या. फ्रेमवाल्यानेही वाजवल्या. त्याच्या अगदी जिवावर आलं होतं, पण वाजवल्या.

बायकोने कोपर सोडून हात पदराखाली घेतला होता.

‘‘माझी कुंडी कुठे ठेवलीत?’’ तिने विचारलं.

‘‘टेबलाखाली.’’

‘‘सांगायचंत हो मला.’’

‘‘चुकलं.’’

‘‘कप गेला.’’

‘‘गेला खरा.’’

लोक बक्षिसाच्या झाडाभोवती गोळा झाले होते, इकडे कोणी फिरकत नव्हतं. फ्रेमवाल्याने पाटी उचलून खिशात घातली. तिचा हात पदराखालून बाहेर काढला, सगळी पानं ओलांडून मधल्या कोंबापाशी नेला.

‘‘हे एक राहिलंय बघ.’’

तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. ‘‘अहो, पाटी असते ना इथे!’’

‘‘काढली,’’ तो म्हणाला.