ताडीचे तर्पण

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील कोळ्यांचा पुढारी आणि विरोधी पक्षाचा खासदार आग्बेको नदी ओलांडून शेजारच्या देशात पळाला व तेथे सुखात आहे, असे सरकारचे निवेदन सांगते. ज्याला चष्म्यावाचून स्वतःचा उंबरठा दिसत नसे, त्याने चष्मा उशाशी ठेवून अंधारात नदी पार केली, हे मानायला निवेदनकर्त्यांइतकीच श्रद्धा हवी. त्याच आठवड्यात सैनिकांनी त्याच्या गावची विहीर बुजवली. पाणी दूषित होते म्हणे.

पुढच्या निवडणुकीत मंत्री दोग्बे, म्हणजे आग्बेकोचे बालमित्र, गावात मते मागायला आले. रिवाजाप्रमाणे आधी पूर्वजांना ताडी वाहायची होती. हे तर्पण केवळ मृतांचे. त्यात जिवंत माणसाचे नाव कोणी चुकूनही घेत नाही.

"सावकाश, भावोजी," आग्बेकोची बायको आफी म्हणाली. सरकारने नवरा जिवंत ठरवल्यामुळे तिला त्याचे सुतकही पाळता आले नव्हते. "आमची माणसे फार तहानलेली आहेत. कोणी राहून जायला नको."

मंत्री हसले आणि एकेक नाव घेत ताडी ओतू लागले. पडेल ती ताडी गिळून माती लगेच कोरडी होत होती. ढोल आपोआप थांबले. नावे संपली, तरी मंत्र्यांचा हात ओततच राहिला, आणि तोंडही थांबेना. जमलेल्या सगळ्या गावाने त्यांचे शब्द ऐकले:

"तूही ये, आग्बेको. विहिरीतून वर ये, आणि पी."