लेकाची आंघोळ

साताऱ्याहून हॅम्बुर्गला पोचलेल्या शेवंताबाईंनी पिशवीतून घरचा तांब्या काढला. "माझ्या लेकाला मीच आंघोळ घालणार," त्या म्हणाल्या.

त्यांची सून रेणुकाने ते जर्मनमध्ये सांगितलं. अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाने हळू आवाजात नकार दिला. इथे घरच्यांनी आंघोळ घालायची पद्धत नव्हती. त्याच्याच माणसांनी सकाळी दिलीपला धुऊन, सूट चढवून पेटीत ठेवलं होतं.

शेवंताबाई पेटीपाशी गेल्या. भांग उलट्या बाजूला पाडला होता. तो त्यांनी बोटांनी नीट केला.

"याला गार पाणी सोसत नाही गं. विचार त्यांना, पाणी कोमट होतं ना?"

रेणुकाने त्या माणसाकडे पाहिलं, पण विचारलं काहीच नाही.

"हो आई," ती म्हणाली, "कोमटच होतं."