तिसरा नट

इंजिन अडखळत, धक्के देत वैजयंताची जुनी पिकअप तिसऱ्यांदा गफूरचाचांच्या गॅरेजात आली. “चाचा, आज रोग सापडला नाही तर भाऊ हिला भंगारात घालतोय. अठरा वर्षं चालवलीय मी.”

चाचा बोनेट उघडून वाकले. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणारा मिस्त्री म्हणून लोक त्यांच्याकडे येत. पण दोन महिन्यांपासून त्यांना इंजिनाच्या आवाजातला बारीक फरक ऐकूच येत नव्हता, आणि हे त्यांनी घरीही सांगितलं नव्हतं.

“इंजिन चालू ठेव आणि माझ्यासमोर उभी राहा.”

त्यांनी पहिल्या सिलिंडरच्या डिझेल पाइपचा नट सैल केला. डिझेल तुटलं, इंजिन डळमळलं असणार, कारण वैजयंताच्या कपाळावर आठी आली. तो आवळून त्यांनी दुसरा सोडला. पुन्हा आठी. तिसरा सोडला, तर तिचा चेहरा तसाच. म्हणजे हा सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता.

“तिसरा नोझल गेलाय, डिझेल फवारतच नाही,” चाचा म्हणाले. नोझल बदलल्यावर वैजयंता गावाबाहेरपर्यंत एकही धक्का न बसता फेरी मारून आली. “काय कान आहेत हो तुमचे!”

चाचांनी फडक्याला हात पुसले. हसून गप्प बसता आलं असतं. “कान तुझे होते, बेटी. मी तुझं तोंड बघत होतो. माझे गेलेत.”

वैजयंतानं गाडीचं पलीकडचं दार उघडलं. “मी तीनदा गाडी दाखवायला आले, चाचा. तुम्ही एकदा तरी डॉक्टरला कान दाखवा की. बसा.”