बाबांची चाल

पुन्हा एकदा चकती पहिल्यापासून लावली, तरी बाबांचा आवाज भिंतीपलीकडून यावा तसाच येत होता. त्याने हेडफोन कानांवर दाबून धरले. बाबांच्या जुन्या मिनीडिस्क रेकॉर्डरची वायर संगणकात खोचलेली होती आणि पडद्यावर आवाजाची बारीक रेघ सरकत होती. आवाज फाटेल या भीतीने बाबा रेकॉर्डिंगची पातळी कायम तळाला ठेवायचे. त्यामुळे डबाभर चकत्या नुसत्या कुजबुजत होत्या.

तो चिडला होता काकांवर. हल्ली रोज सकाळी रेडिओवर बातम्यांआधी जी चाल वाजायची, ती बाबांची. बाबा शाळेत गाणं शिकवायचे आणि ही चाल त्यांनी कित्येक वर्गांकडून घोटून घेतली होती. आणि परवा मुलाखतीत काका, बाबांचे सख्खे धाकटे भाऊ, खुशाल सांगून मोकळे झाले, की ही चाल मला एका पहाटे सुचली. ऐकून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांना जाऊन वर्ष झालं नाही, तोवर हा माणूस त्यांच्या ताटातलं उचलून खातो आणि वर ढेकर देतो. बाबांच्या माघारी त्यांचं म्हणावं असं दुसरं होतं तरी काय?

आई चहा घेऊन आली आणि कप ठेवून तिथेच उभी राहिली.

"काय काय ऐकू येतं रे त्यात?"

"बाबा. बाकी सगळी खरखर, नळ, तुझी भांडी. ते काढून टाकतोय."

"बरं," आई म्हणाली. मग कप त्याच्याकडे सरकवत म्हणाली, "जाऊ दे ना आता. चाल लोकांच्या तोंडी बसली, झालं की."

"तुझं हे 'जाऊ दे' ऐकतच बाबा गेले. चाल झाली तेव्हा मी शाळेच्या हॉस्टेलवर होतो, पण तू तर घरातच होतीस. काकांना तोंडावर सांग ना, बाबांनी चाल कशी बांधली ते."

"मी काय सांगणार? मी आपली स्वयंपाकघरात."

त्याने कपाळावर हात मारला. या बाईला नवऱ्यासाठी दोन शब्द बोलायचे झाले तर जीभ टाळ्याला चिकटते.

काम मात्र जमत आलं होतं. संगणकाला आधी नुसत्या खरखरीचा एक तुकडा दाखवायचा, म्हणजे तो तसलाच आवाज सगळीकडून वेचून काढतो. बाबा गायला लागण्याआधीचा, ते गप्प असतानाचा तुकडा त्याने निवडला. मग बटण दाबलं, उरलेला आवाज वर चढवला, आणि बाबा एकदम खोलीत येऊन बसले. ते एक ओळ म्हणत, थांबत, मग पुढची ओळ म्हणत. मधूनच एखादी ओळ मोडून पुन्हा नव्याने धरत. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. चाल सुचताना माणूस असाच थांबत असणार. याहून मोठा पुरावा कुठला?

त्याने काकांना बोलावून घेतलं. ते दुपारी आले, सोफ्यावर टेकून बसले आणि रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकलं. आई दाराशी स्टुलावर बसली होती.

"आवाज दादाचाच आहे," काका म्हणाले. "पण म्हणून चाल त्याची होत नाही. आम्ही एकत्र बसायचो. माझ्याकडून ऐकून म्हणत असेल."

"थांबून थांबून म्हणतायत ते. सुचतंय ते कळतंय."

"हे बघ, दादाला शिकवता फार सुरेख यायचं. पण सुचायचं नाही. त्यालाही ते ठाऊक होतं."

"भावजी," आई म्हणाली, "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

"वहिनी, मी खोटं बोलतोय का?"

आई पदराशी चाळा करत राहिली. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. चोर तो चोर, वर घरात येऊन, ज्याच्या घरी चोरी केली त्यालाच नालायक ठरवणार. आणि आईने ते मुकाट ऐकून घ्यायचं.

"आणि हे इतकं स्वच्छ कसं?" काकांनी विचारलं. "जुन्या रेकॉर्डिंगमध्ये थोडीफार घाण असतेच. तू यातलं काहीतरी काढलंयस. उद्या चार लोकांत वाजवशील तर मी हेच विचारणार."

"काढलाय तो कचरा काढलाय."

"ते तू म्हणतोस."

"ठीक आहे. जे काढलं तेवढंच ऐकवतो. मग तरी समाधान होईल?"

त्याला खात्री होती. या प्रोग्रॅममध्ये तशी सोय होतीच. राहिलेलं बाजूला ठेवून फक्त टाकून दिलेलं वाजवता यायचं, काही चांगलं चुकून गेलं नाही ना, हे बघायला. त्याला ती गरज कधी वाटली नव्हती. त्याने मोठे स्पीकर जोडले.

"राहू दे," आई उठत म्हणाली. "त्यात काय ऐकायचंय?"

"नाही, ऐकू देच त्यांना. कचरा म्हणजे काय ते कळू दे."

त्याने आवाज शेवटपर्यंत चढवला आणि बटण दाबलं. आधी खरखर आली, मग नळाची धार आणि भांड्यांचा आवाज. त्याने काकांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग नळ बंद झाला आणि लांबून, आतल्या खोलीतून यावा तसा एका तरुण बाईचा आवाज येऊ लागला. तिने चालीची पहिली ओळ न अडखळता म्हटली. थांबली. दुसरी म्हटली. काका सोफ्यावरून पुढे सरकले. त्याने वळून आईकडे पाहिलं. ती पुन्हा स्टुलावर बसली होती. स्पीकरमध्ये भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला, आणि तोच आईचा आवाज हसत म्हणाला, "असं नाही हो. मी आधी पूर्ण म्हणते, मग तुम्ही माझ्यामागून म्हणा."