मालनची सर्व्हिस

“नारळ सोलायला कोयता कसा धरतेस?” आप्पांनी विचारलं.

“मुठीत. धार खाली करून.”

“मग रॅकेट तशीच धर. ही काय उलथण्यासारखी धरलीयस? भाकरी परतायचीय का?”

मालननं पकड बदलली, चेंडू वर उडवला आणि रॅकेट फिरवली. चेंडू जाळीच्या बुडाशी जाऊन आपटला. कोर्टाच्या कडेला खुर्चीत बसलेल्या आप्पा मयेकरांनी डोळे मिटून घेतले. शेजारी त्यांच्या पत्नी यमुनाबाई होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावून हसू दाबलं.

आप्पांनी रत्नागिरीच्या एका जिमखान्यात सत्तावीस वर्षं टेनिस शिकवलं होतं. शहाऐंशी सालच्या शिमग्यानंतर एका सकाळी ते उठले, तर उजवं अंग उचलेना. पाय हळूहळू सावरला, बोलणंही सावरलं. हात मात्र मांडीवर पडून राहिला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो आप्पांनी पहिल्याच दिवशी खिडकीबाहेर भिरकावला. अख्खा पावसाळा ते भिंतीकडे बघत बसले. जिमखाना दिवाळीपर्यंत वाट बघणार होता. नंतर नवा माणूस.

मालन लांज्याची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागली होती आणि मयेकरांच्या मागच्या खोलीत राहायची. गणपतीत मोदक वळता वळता यमुनाबाईंनी सहज विचारलं, “कॉलेजात काय खेळायचीस का गो?”

“टेनिस,” मालन म्हणाली. “कोल्हापूरला. दोन वर्षं पहिली आले.”

यमुनाबाईंच्या हातातली पारी तशीच राहिली. बेत तिथेच शिजला. मालननं आपल्याला काही येत नाही असं दाखवायचं आणि आप्पांना बघवणार नाही इतकं वाईट खेळायचं. सांगून भागेनासं झालं की हा माणूस स्वतः उठून दाखवतो, हे तीस वर्षांच्या संसारात त्यांना पक्कं कळलं होतं.

“पण नाटक जमेल ना तुला?”

“जमेल काकू,” मालन म्हणाली. “त्याची काळजी नको.”

आप्पा चार दिवस “नाही” म्हणत होते. पाचव्या दिवशी मालन अंगणात एकटीच रॅकेट फिरवताना त्यांनी खिडकीतून पाहिली. तिथूनच ओरडले, “अगो, माश्या मारतेस काय?” दुसऱ्या दिवशी तिघंही जिमखान्याच्या कोर्टावर होती.

नाटक झकास वठलं. पहिला आठवडाभर चेंडू जाळीत तरी गेले, नाहीतर कुंपणापलीकडच्या करवंदीत. दुसऱ्या आठवड्यात आप्पा खुर्चीतून उठले.

“मनगट आवळू नको. ओला हात झटकतेस ना, तितकं सैल.” त्यांनी डावा हात झटकून दाखवला.

“डाव्यानं मला उलटं दिसतंय, आप्पा.”

आप्पांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि मनगट हलवलं. जेमतेम बोटभर. यमुनाबाईंनी चटकन कोर्टामागच्या खाडीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी तेच. रॅकेटची कड चेंडूकडे न्यायची. अगदी शेवटी कोपरापुढचा हात वळवायचा, चेंडू सुटला की तळवा बाहेर. मालन म्हणायची, “परत दाखवा.” आप्पा परत दाखवायचे. नवरात्रात त्यांची बोटं रॅकेटच्या मुठीभोवती बसू लागली. एका दुपारी त्यांनी उजव्या हातानं भात कालवला, आणि यमुनाबाई आमटी वाढायच्याच विसरल्या.

स्वयंपाकघरात त्या मालनला म्हणाल्या, “कमाल आहे हां तुझी. काल तर स्वतःच्याच नडगीवर रॅकेट मारून घेतलीस.”

“लागलं पण, काकू,” मालन म्हणाली.

वसुबारसेच्या दिवशी आप्पांनी चेंडू वर उडवला आणि सर्व्हिस केली. वेग नव्हता. पण चेंडू जाळीवरून गेला आणि पलीकडच्या चौकोनात पडला. मालन आनंदानं किंचाळली. जिमखान्याचे सेक्रेटरी पायरीवर उभे होते. ते एवढंच म्हणाले, “मयेकर, पाडव्यापासून या.”

फेब्रुवारीत जिमखान्याच्या स्पर्धा आल्या. आप्पांनी न विचारताच मालनचं नाव घातलं. यमुनाबाईंनी तिला दाराआड गाठलं. “आता नाटक पुरे हां. कोल्हापूरला खेळायचीस तशी खेळ.”

मालननं नुसतीच मान हलवली.

समोर चिपळूणची एक उंच मुलगी होती. मालनच्या पहिल्या चारही सर्व्हिस जाळीत गेल्या. यमुनाबाई खुर्चीतून खुणा करत राहिल्या, पुरे, पुरे. आप्पा मात्र शांत होते. मालननं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, खांदे सैल सोडले आणि पुढचा चेंडू उडवला. तो कोपऱ्यात पडला. चिपळूणची मुलगी जागची हलली नव्हती.

तिथून सामना फिरला. शेवटच्या सेटमध्ये सहा-चार. अखेरच्या सर्व्हिसला लाल माती उडाली, आणि आप्पांनी दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या.

यमुनाबाई धावत कोर्टावर गेल्या आणि त्यांनी मालनला मिठीच मारली. “धन्य तुझी! असली सर्व्हिस इतके महिने दाबून ठेवलीस? एकदाही चुकून मारली नाहीस? कोल्हापूरलासुद्धा अशीच मारायचीस ना गो?”

मालननं आप्पांकडे पाहिलं. ते चार लोकांत उभं राहून हातवारे करत काहीतरी समजावून सांगत होते. ती यमुनाबाईंच्या कानाशी वाकली.

“काकू, कोल्हापूरला मी पहिली आले ती कॅरममध्ये. टेनिस मला आप्पांनीच शिकवलं.”